फुलांच्या रंगाचा कुलवृत्तांत

आपल्या स्मरणिकेत एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत प्रसिद्ध झाला की तो आपण सर्वजण आवडीने वाचतो. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याचे पुत्रपौत्र कोठे कोठे पांगले, याची जुळणी करताना संकलकांना किती सायास पडतात हे ज्यांनी ते काम केले आहे त्यांनाच ठाऊक. यंदा संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे लेखाची मागणी केली. ज्याची उभी हयात मुलांना वनस्पतिशास्त्र शिकविण्यात गेली, त्याच्यापाशी घराण्यांची जुनी दप्तरे कोठून असणार? तेव्हा आपल्या परसातल्या फुलांच्या रंगाचीच वंशावळ वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

जुन्या वंशावळी चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुत्रांची नावे पिढ्यान् पिढ्या दिलेली असतात; कन्यांविषयी मात्र बहुधा 'कन्या तीन' किंवा 'कन्या दोन' एवढाच आकडा असतो. फुलांच्या रंगाच्या इतिहासातही पाठ्यपुस्तकांनी नेमके हेच केले आहे. ती गाळलेली नावे शक्य तितकी भरून काढण्याचा येथे यत्न केला आहे. तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

गुलबक्षी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तांबडी, पिवळी, पांढरी, आणि एकाच पाकळीवर दोन रंगांचे शिंतोडे उडालेली, अशी नाना रूपांची गुलबक्षी कोकणापासून वऱ्हाडापर्यंत परसापरसात संध्याकाळी उमलते. निरनिराळ्या रंगांची झाडे शेजारी शेजारी लावून त्यांचे बी धरले तर पुढल्या वर्षी अनपेक्षित असा तिसराच रंग निघतो, हे घरातील वृद्ध स्त्रियांना शास्त्राच्या पुष्कळ आधी माहीत होते. असे का होते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

या कुळाचा मूळ पुरुष ग्रेगोर मेंडेल. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्र्यून या शहरी, ज्याला आज ब्रनो म्हणतात, हा धर्मगुरू मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर करीत असे. त्याने निवडलेल्या सात लक्षणांपैकी एक फुलाच्या रंगाशी निगडित होते. जांभळट फुलांचा वाटाणा व पांढऱ्या फुलांचा वाटाणा यांच्या संकरापासून पहिल्या पिढीत सारी झाडे जांभळ्या फुलांची आली; पांढरा रंग जणू नाहीसा झाला. त्यांचे बी पुन्हा पेरल्यावर ९२९ झाडांपैकी ७०५ जांभळी व २२४ पांढरी निघाली, म्हणजे सुमारे तिनास एक. हे सर्व त्याने १८६५ साली दोन व्याख्यानांत सांगितले आणि १८६६ साली छापले. येथवरचा भाग शाळकरी मुलांसही पाठ असतो. त्याच निबंधाच्या उत्तरार्धात मेंडेलने घेवड्याचा प्रयोग दिला आहे, तो मात्र सहसा कोणी वाचीत नाही. पांढऱ्या फुलांचा बुटका घेवडा आणि तांबड्या फुलांचा वेलीचा घेवडा यांचा संकर त्याने केला. दुसऱ्या पिढीत ३१ झाडे फुलली, आणि त्यांत पांढरे झाड अवघे एक! बाकीच्यांत जांभळट तांबड्यापासून फिकट जांभळ्यापर्यंत सर्व पायऱ्या होत्या. तिनास एक हा हिशेब येथे जुळेना. दुसरा एखादा असता तर त्याने हे पान फाडून टाकले असते. मेंडेलने ते छापले आणि असे अनुमान मांडले की, या घेवड्याचा रंग एकाच घटकापासून झालेला नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांपासून झालेला असावा, आणि बागेतील शोभेच्या फुलांत दिसणारी रंगांची बहुविधताही कदाचित अशीच उलगडेल. एवढे लिहून तो थांबला. १८८४ साली तो वारला, तोवर या ओळीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९०० साली द व्हरीस, कोरेन्स व चेर्माक या तिघांनी मेंडेलचा निबंध उजेडात आणला. यांपैकी जर्मनीच्या कोरेन्सने पुढे गुलबक्षीचाच अभ्यास केला. तांबडी व पांढरी यांच्या संकरापासून त्याला गुलाबी गुलबक्षी मिळाली, आणि त्या गुलाबीच्या बियांतून तांबडी, गुलाबी, पांढरी अशी एकास दोनास एक या प्रमाणात झाडे आली. पुढे १९०९ साली गुलबक्षीच्या संकरांवर आणखी एक विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. त्याची लेखिका डॉरोथिया मॅरियट ही केंब्रिजच्या एका विलक्षण मेळाव्यातील होती. आता त्या मेळाव्याकडे वळू.

विल्यम बेटसन (१८६१–१९२६) हा केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचा फेलो. गाडीतून लंडनला जाताना त्याने मेंडेलचा निबंध प्रथम वाचला आणि त्याच दिवशीचे आपले व्याख्यान बदलले, अशी आख्यायिका त्याच्या पत्नीने नमूद केली आहे. पुढील इतिहासकारांनी ती तितकीशी खरी मानलेली नाही. असो. मेंडेलचा इंग्लंडातील खंदा कैवारी तोच झाला यात शंका नाही. आनुवंशिकीला आज जगभर जे इंग्रजी नाव आहे तेही त्यानेच १९०५ साली एका पत्रात सुचविले. तथापि त्या काळी त्याला विद्यापीठात या विषयाची जागा नव्हती. उपजीविकेसाठी तो महाविद्यालयाच्या भटारखान्याचा कारभार पाही आणि केंब्रिजजवळील ग्रँटचेस्टर गावी आपल्या घराभोवतीच्या बागेत संकर करी. नव्या विषयावर स्वतःचे भवितव्य पणाला लावण्यास नामांकित पुरुष विद्यार्थी फारसे पुढे येत ना. आले ते मुख्यतः न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयातून.

या स्त्रियांची स्थिती काय होती हे समजून घेतले पाहिजे. केंब्रिजमध्ये १८८१ पासून स्त्रियांना पदवीच्या परीक्षेस बसता येई, उत्तीर्ण झाल्याचा दाखलाही मिळे. पदवी मात्र मिळत नसे. प्रयोगशाळांत त्यांना सहजासहजी प्रवेश नसे, म्हणून १८८४ साली न्यूनहॅम व गर्टन या दोन महाविद्यालयांतील विद्यार्थिनींसाठी बॅलफर नावाची निराळी प्रयोगशाळा उघडावी लागली. १८९७ साली स्त्रियांना पदवी द्यावी असा ठराव आला, तेव्हा विरोधी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा भर बाजारात टांगला आणि ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. १९२१ साली पुन्हा तेच. सुशिक्षितांचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीतील हा प्रकार वाचला की, आपल्याकडे मुलींच्या शाळेवर शेणगोळे झेलणाऱ्या शिक्षिकेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या बॅलफर प्रयोगशाळेची प्रमुख एडिथ रिबेका साँडर्स (१८६५–१९४५). १९०० पूर्वीच, मेंडेलचे नावही ठाऊक नसताना, तिने वनस्पतींच्या संकराचे प्रयोग चालविले होते. १९०२ साली रॉयल सोसायटीच्या समितीला बेटसन व साँडर्स यांनी मिळून जो अहवाल सादर केला, त्यात आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असलेल्या कित्येक संज्ञा प्रथम अवतरल्या. साँडर्सबाईंचे मुख्य फूल 'स्टॉक'. हे थंड हवेतील सुवासिक फूल आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीस शोभून दिसेल. स्टॉकच्या दोन गुळगुळीत पानांच्या जाती, एक पांढऱ्या फुलांची व एक सायीच्या रंगाची, यांचा संकर त्यांनी केला. संततीची फुले निघाली जांभळी, आणि पानांवर लव! आईबापांच्या अंगी नसलेली दोन्ही लक्षणे लेकराच्या अंगी दिसली.

याच सुमारास बेटसन व त्याचा सहकारी रेजिनल्ड पनेट यांच्या हाती 'स्वीट पी' होती. वाटाण्याच्या कुळातील ही सुगंधी वेल आपल्याकडेही हौशी मंडळी थंडीत कुंड्यांतून लावतात. तिचा कुलवृत्तांत गमतीदार आहे. १६९९ साली सिसिली बेटावरील कुपानी नावाच्या धर्मगुरूने तिचे बी इंग्लंडात एनफिल्ड येथील युव्हेडेल नावाच्या शिक्षकाकडे पाठविले. मूळ फूल लहानसे. वरची पाकळी गडद जांभळट तांबडी व बाजूच्या पाकळ्या निळसर जांभळ्या. पुढे गुलाबी-पांढरी जात निघाली. १८७० नंतर हेन्री एकफर्ड या श्रॉपशायरमधील माळ्याने संकर करकरून तिला अनेक रंग व मोठा आकार दिला. इंग्लंड या वेलीने अक्षरशः वेडे झाले. १९११ साली एका लंडनच्या वृत्तपत्राने उत्तम गुच्छास १००० पौंडांचे बक्षीस लावले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातून टपालाने हजारो गुच्छ येऊन पडले! या साऱ्या माळ्यांची कला मोठी होती. परंतु कोणत्या दोहोंपासून काय निपजेल हे अगोदर सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते.

बेटसन व पनेट यांनी 'एमिली हेंडरसन' नावाच्या एका शुभ्र जातीची दोन झाडे घेतली. दोन्ही पांढरी, दोन्हींची संतती पिढ्यान् पिढ्या पांढरीच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकीचे परागकण लांबट, दुसरीचे गोल. स्वीट पीचे फूल कळीतच स्वतःच्या परागाने फळते. म्हणून कळी कोवळी असतानाच चिमट्याने उघडून पुंकेसर काढावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीवर लावावा लागतो. एवढी नाजूक खटपट करून दोन पांढऱ्यांचे बी धरले. त्यातून उगवलेली सारी झाडे जांभळी फुलली. नुसती जांभळी नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी सिसिलीहून आलेल्या मूळ पूर्वजासारखी! त्यांचे बी पुन्हा पेरल्यावर सोळांत नऊ रंगीत व सात पांढरी, या प्रमाणात झाडे आली.

हे कोडे आपल्या स्वयंपाकघरातील दाखल्याने उलगडते. हळद व चुना एकत्र आले की तांबडा रंग होतो, हे घरातील प्रत्येक स्त्रीस ठाऊक आहे. समजा, एका घरी हळद आहे पण चुना नाही. दुसऱ्या घरी चुना आहे पण हळद नाही. दोन्ही घरांत तांबडा रंग होणे नाही. बाहेरून पाहणारा दोघांनाही सारखेच बेरंग म्हणेल, परंतु एकाचे उणे निराळे व दुसऱ्याचे निराळे. दोन घरांची सोयरीक झाली की पुढल्या पिढीच्या घरात दोन्ही जिन्नस येतात आणि रंग प्रकट होतो. त्याच्याही पुढल्या पिढीत वाटणी होताना चारांपैकी तिघांना हळद मिळते, चारांपैकी तिघांना चुना मिळतो. दोन्ही मिळालेले सोळांत नऊ. उरलेले सात पुन्हा बेरंग. मेंडेलच्या घेवड्याने अर्धवट सांगितलेली गोष्ट स्वीट पीने अशी पुरी केली. पूर्वजाचे रूप एकाएकी उलटून यावे, याचे डार्विनला मोठे गूढ वाटत असे. त्या गूढाचा एक धागा येथे सुटला.

१९०५ व १९०६ सालच्या ज्या अहवालांत हे सर्व आले त्यांवर बेटसन, साँडर्स व पनेट अशी तीन नावे आहेत. पाठ्यपुस्तकांत 'बेटसन व पनेट' एवढीच उरली. स्वीट पीचे प्रयोग त्या दोघांचेच, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु स्टॉकचा तसाच निष्कर्ष साँडर्सबाईंचा असताना तो कोणत्या शालेय पुस्तकात आढळतो? जे. बी. एस. हॉल्डेन या पंडिताने त्यांना ब्रिटिश वनस्पती-आनुवंशिकीची माता म्हटले, तेवढ्यावर त्यांची बोळवण झाली.

येथवर हळद व चुना हा केवळ दृष्टान्त होता. फुलातील खरी हळद कोणती व खरा चुना कोणता, हे शोधण्याचे काम या कुळातील माझ्या मते सर्वांत गुणवान कन्येने केले. तिचे नाव म्यूरिएल व्हेल्डेल. १८८० साली बर्मिंगहॅम येथे जन्म. १९०० साली न्यूनहॅममध्ये प्रवेश. परीक्षेत पहिला वर्ग, अर्थात पदवीवाचून. १९०३ च्या सुमारास ती बेटसनच्या मेळाव्यात आली व तिने अँटिरिनम हे फूल घेतले. बोटांनी दाबले की कुत्र्यासारखे तोंड उघडणारे हे फूल आपल्या सार्वजनिक उद्यानांत हिवाळ्यात मुले हमखास तोडून खेळतात. त्याच्या बाजारी जातींत पांढरा, हस्तिदंती, पिवळा, गुलाबी, कांस्यवर्णी, किरमिजी असे अनेक रंग होते आणि संकराचा निकाल दरवेळी निराळा लागे. १९०७ साली व्हेल्डेलबाईंनी या गुंतागुंतीची उकल प्रसिद्ध केली.

त्यांची पद्धत रंगाऱ्यासारखी होती. रंगारी आधी कापडाला पाया देतो, मग रंग चढवितो. पाया नसेल तर उत्तम रंगही धुऊन जातो. अँटिरिनममध्ये हस्तिदंती व पिवळा हे दोन पाये. त्यांत हस्तिदंती प्रभावी. तांबूस रंग हस्तिदंतीवर चढला तर एक छटा, पिवळ्यावर चढला तर दुसरी. ज्या झाडाला पायाच नाही ते पांढरे. मग त्याच्या अंगी तांबड्या रंगाचा घटक गुप्तपणे असो वा नसो. असे पांढरे झाड पिवळ्याशी संकरिले म्हणजे त्या पांढऱ्याच्या पोटात दडलेला तांबडा रंग एकदम उघडा पडतो. डोळ्यांना हस्तिदंती व शुभ्र पांढरे जवळजवळ सारखेच दिसते, परंतु अमोनियाच्या वाफेत धरले की हस्तिदंती फूल पिवळे पडते व पांढरे जसेच्या तसे राहते. एका घटकाने दुसऱ्यावर अशी मात करण्यास बेटसनने त्याच वर्षी एक शास्त्रीय नाव दिले. ते नाव आज सर्वत्र रूढ आहे. ज्या फुलांनी त्याची गरज स्पष्ट केली त्यांची अभ्यासिका मात्र विस्मृतीत गेली.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण म्हणतो; फुलाचा रंग म्हणजे क्षणभंगुर शोभा, त्यात गंभीर अभ्यासासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटे. व्हेल्डेलबाईंना वाटले नाही. नुसती मोजदाद करून भागणार नाही, रंगद्रव्य प्रत्यक्ष काढून तपासले पाहिजे, हे ओळखून त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. १९१० साली बेटसन मर्टन येथील जॉन इन्स उद्यान-संशोधन संस्थेचा संचालक झाला, तेव्हा १९११ ते १९१४ त्या तेथे होत्या. नंतर केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परतल्या. १९१६ साली वनस्पतींच्या अँथोसायनिन रंगद्रव्यांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या विषयावर जे जे म्हणून लिहिले गेले होते ते सर्व पचवून त्यात स्वतःच्या प्रयोगांची भर घातलेली. १९२५ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

अँथोसायनिन म्हणजे फुलांतील तांबडी, जांभळी व निळी रंगद्रव्ये. जर्मनीच्या रिखार्ड विलश्टेटरने १९१३ साली निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून असे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले आणि पुढे दाखविले की, तांबड्या गुलाबातील रंगद्रव्यही तेच आहे. पेशीतील आम्ल-अल्कलीच्या फरकाने एकच द्रव्य कोठे तांबडे व कोठे निळे दिसते, असे त्याने म्हटले. आपल्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसाच काहीसा प्रकार. हे स्पष्टीकरण कॉर्नफ्लॉवरपुरते अपुरे ठरले. तेथील निळाई लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्याशी रंगद्रव्याची जी विशिष्ट गुंफण होते तिच्यामुळे असते, हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. विलश्टेटरला मात्र १९१५ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि त्याची योग्यता होतीच.

व्हेल्डेलबाईंच्या आयुष्याची कथा येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १९१९ साली त्यांनी हुइया ओन्स्लो या जीवरसायनशास्त्रज्ञाशी विवाह केला. हा न्यूझीलंडच्या गव्हर्नराचा पुत्र. तेथेच जन्मला म्हणून माओरी नाव. तरुणपणी पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघाताने त्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या तो संशोधन करी, आणि तेही रंगांचेच. फुलपाखरांच्या व किड्यांच्या पंखांवरील झळाळी कशाने येते हा त्याचा एक विषय. १९२२ साली तो वारला. संसार तीन वर्षांचा. ओन्स्लोबाईंनी त्याचे चरित्र लिहिले व पुन्हा प्रयोगशाळा गाठली. १९२६ साली विद्यापीठाने त्यांना जीवरसायनशास्त्राच्या व्याख्यात्या नेमले. असा मान मिळालेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. केवढा विरोधाभास पाहा: पदवी घेणाऱ्यांना शिकविण्याचा अधिकार मिळाला, पण पूर्ण पदवी नाही! १९३२ साली त्या निवर्तल्या. साँडर्सबाई १९४५ साली सायकलच्या अपघातानंतर गेल्या. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी दिली ती १९४८ साली.

ओन्स्लोबाईंच्या हाताखाली रोझ स्कॉट-मॉनक्रीफ (१९०३–१९९१) ही तरुणी तयार झाली. हॉल्डेनच्या प्रेरणेने तिने जॉन इन्स संस्थेत ज्यांची आनुवंशिकी ठाऊक होती अशा झाडांच्या पाकळ्या गोळा करून त्यांतील रंगद्रव्ये ओळखण्याचा सपाटा लावला. ऑक्सफर्डचे रॉबर्ट व गर्ट्रूड रॉबिन्सन हे रसायनशास्त्रज्ञ दांपत्य तिच्या साह्यास होते. १९३६ साली तिने जो आढावा प्रसिद्ध केला त्याचे मर्म असे की, मेंडेलचा एक घटक बदलला की रंगद्रव्याच्या रेणूत एक ठराविक बदल होतो. रेणूच्या एका कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट असला तर रंग नारिंगी-तांबडा, दोन असले तर किरमिजी, तीन असले तर जांभळा-निळा. एकाचा दोन वा तीन करणारा तो घटक. एक जनुक एक विकर, हे सूत्र अमेरिकेत बीडल व टेटम यांनी १९४१ साली बुरशीवरील प्रयोगांतून मांडले आणि पुढे नोबेल मिळविले. फुलांच्या अभ्यासिका त्या दारापर्यंत आधीच येऊन पोहोचल्या होत्या. स्कॉट-मॉनक्रीफबाईंनी १९८१ साली त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून ओन्स्लोबाईंचे कर्तृत्व आज आपल्याला थोडे तरी उमगते.

जॉन इन्स संस्थेतील आणखी एक नाव या ओघात राहू नये. सतराव्या शतकात हॉलंडात ज्या चिरफाळ रंगांच्या ट्यूलिपपायी लोकांनी घरदार पणाला लावले आणि १६३७ साली बाजार कोसळल्यावर हात चोळीत बसले, त्या ट्यूलिपची रंगरेषा आनुवंशिक नव्हतीच. तो एक संसर्गजन्य रोग आहे, आजारी कंदाचा तुकडा निरोगी कंदास जोडला की रोग जडतो, हे डॉरोथी केली यांनी १९२८ साली दाखविले. लोक ज्याला कुळाचा वारसा समजून मोल देत होते ते आजारपण होते!

भारताचा या घराण्याशी संबंध नाही असे नाही. तेलिचेरीच्या जानकी अम्माळ १९४० ते १९४५ जॉन इन्स संस्थेत होत्या. लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश त्यांनी डार्लिंग्टनसह सिद्ध केला, आणि पुढे एका मॅग्नोलियास त्यांचे नाव मिळाले. हॉल्डेन स्वतः १९५७ साली भारतात आले, १९६१ साली येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचा अंत झाला.

पुढील पिढ्यांची हकीकत त्रोटकपणे सांगतो, कारण ती अद्याप चालू आहे. मेंडेलच्या पांढऱ्या वाटाण्यात नेमके कोणते जनुक बिघडले होते ते २०१० साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी शोधून काढले. १९८७ साली जर्मनीत मक्याचे एक जनुक पिटुनियात घालून तिला तिच्या कुळात कधी नव्हता असा विटकरी-नारिंगी रंग देण्यात आला. १९९० साली अमेरिकेत पिटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत दिली, तो काही झाडे चक्क पांढरी फुलली व काहींवर पांढरे पट्टे उमटले! दान दुप्पट केले आणि मूळची शिल्लकही गेली. या विपरीत निकालाचा माग काढता काढता जनुके गप्प करण्याची एक नवीच यंत्रणा उजेडात आली. तिच्या उलगड्यास २००६ साली नोबेल मिळाले, मात्र ते कृमीवरील प्रयोगांसाठी. फूल पुन्हा एकदा मांडवाबाहेर राहिले.

नारिंगी पिटुनियाची गोष्ट तेथे संपली नाही. २०१५ साली हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाबाहेरील कुंड्यांत एका वनस्पतिशास्त्रज्ञाला नारिंगी पिटुनिया फुललेल्या दिसल्या. असा रंग या कुळात निसर्गतः येत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने एक तुकडा नेऊन तपासला. आत मक्याचे जनुक! तीस वर्षांपूर्वीचा तो प्रयोग कोणाच्या लक्षात न येता बाजारातील बियाण्यांत मिसळला होता. २०१७ साली युरोप-अमेरिकेत तशी झाडे मोठ्या संख्येने नष्ट करण्यात आली.

निळ्या गुलाबाचा ध्यास तर फार जुना. गुलाबाच्या अंगी तीन हायड्रॉक्सिलांचे रंगद्रव्य बनविणारे विकर नाही. जपान व ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी ते पॅन्सीतून आणले. तो गुलाब २००९ साली जपानात विक्रीस आला. तथापि त्याला निळा म्हणणे हे दुकानदाराचे औदार्य होय. रंग फिकट जांभळाच आहे. शेवंतीच्या बाबतीत जपान्यांना २०१७ साली खरी निळाई साधली. त्यासाठी दोन जनुके लागली. एक कँटरबरी बेल या विलायती फुलाचे. दुसरे, रंगद्रव्याच्या रेणूवर साखरेचे गट बसविणारे, आपल्या कुंपणावरील गोकर्णीचे. प्रस्तुत लेखकाच्या दारी निळी व पांढरी अशा दोन्ही गोकर्णी एकाच जाळीवर चढविलेल्या आहेत. सकाळी पूजेसाठी फुले तोडताना पांढरीच्या पोटात हळद उणी की चुना उणा, हा विचार हटकून मनात येतो, आणि यंदा कळ्या धरताच दोहोंचा संकर करून बी वेगळे राखून ठेवले आहे.